रंगूबाईंचा धक्का

सागरछाया सोसायटीत ती बातमी सकाळी आठला ए विंगच्या लिफ्टमध्ये शिरली आणि सव्वाआठला सी विंगच्या लिफ्टमधून बाहेर पडली तेव्हा ओळखू येत नव्हती. सफाईच्या रंगूबाईंनी म्हणे सेक्रेटरी नंदकुमार साहेबांना डेकवरून तलावात ढकललं. ए विंगमध्ये एका हाताने ढकललं होतं. बी विंगमध्ये दोन्ही हातांनी. सी विंगच्या सातव्या मजल्यावर माझ्या दारात पोचेपर्यंत आधी कॉलर धरली होती, मग शिवी हासडली होती, मग ढकललं होतं आणि वरून खराटाही हाणला होता. "मी सांगतच होते, त्या बाईचं डोकं फार गरम आहे," असं जो तो म्हणत होता, आणि याआधी त्यांतल्या कुणीच कुणाला काही सांगितलेलं नव्हतं.

सगळं खोटं. डोकं गरम, तेवढं सोडून.

रंगूबाई त्या वेळी साहेबांपासून चांगल्या पंचवीस पावलांवर होत्या. खराटा हातात होता, पण साहेबांशी त्याची गाठ पडली नाही. त्या लांबूनच एक शब्द तीनदा ओरडल्या, आणि ज्यांनी तो ऐकला त्यांनी त्याचा भलताच अर्थ लावला. तो शब्द कळायचा तर आधी रंगूबाईंचा राग कळायला हवा, आणि तो काही एका दिवसाचा नाही.

रंगूबाई उरणकडच्या. वडील होड्या बांधायचे. भाऊ धनाजी त्यांच्या हाताखाली रीतसर शिकला. रंगूबाईंना कुणी शिकवलं नाही, पण तेल तापवायचं, फटीत कापूस ठासायचा, तासलेल्या फळीला गाल लावून आत ओल राहिलीय का ते बघायचं, ही कामं घरातल्या पोरींकडेच असत. पुढे फायबरच्या होड्या आल्या. धनाजी आता जासईच्या कंटेनर यार्डात ट्रेलर चालवतो. मध्ये एकदाच त्याला जुनं काम मिळालं होतं. नेरूळला खाडीच्या अंगाला बिल्डरने सागरछाया बांधली आणि फ्लॅट विकायला काहीतरी दाखवायचं म्हणून मागच्या तलावावर सागवानी डेक करून घेतला. भरतीचं खारं पाणी आत-बाहेर करतं, असा तो तलाव. त्यावरच्या तुळया धनाजीने बसवल्या. त्याच्याबरोबर जेवणाचा डबा घेऊन रंगूबाई यायच्या, त्या सोसायटी झाल्यावर तिथेच सफाईला लागल्या. चौदा वर्षं झाली.

कामाच्या कागदावर त्यांना जिने, लॉबी आणि पार्किंग लिहून दिलंय. डेकचं नाव त्यात कुठेच नाही. ते काम त्यांनी कुणाला न विचारता स्वतःकडे घेतलं, आणि त्यामुळे ते कुणाला त्यांच्याकडून काढूनही घेता येईना.

त्या त्याला डेक म्हणत नाहीत. म्हणणारही नाहीत. "गान्यांचा डेक हलदीला वाजतो," त्या एकदा सगळ्या ज्येष्ठ नागरिकांसमोर म्हणाल्या. "पान्यावर लाकूर टाकून मानूस उभा रातो, तो धक्का." बिल्डरने पितळी अक्षरांत लावलेला इंग्रजी बोर्ड त्या दर शनिवारी घासून लख्ख करतात, पण त्यावर काय लिहिलंय याच्याशी त्यांचं काही देणंघेणं नाही.

सकाळी सहाला चपला काठावर काढून धक्क्यावर एक फेरी. तळपायाला ओल कळते, डोळ्याला कळत नाही, हे त्यांचं म्हणणं. झाडायचं ते फळीच्या लांबीने, आडवं कधी नाही, कारण आडव्या खराट्याने कचरा फटीत जातो. तरी गेलाच तर मोडक्या करवतीच्या पात्याला चिंधी गुंडाळून केलेली सुरी होती, तिने फट खरवडायची. दोन फळ्यांमध्ये करंगळीचं नख जाईल एवढी फट. ती मोकळी राहिली की पाणी खाली जातं आणि खालचा वारा वर येतो. दसऱ्यानंतर ऊन कडक झालं की जुन्या सुती साडीच्या बोळ्याने जवसाचं तेल चोळायचं, हलक्या हाताने, आणि जास्तीचं लगेच पुसून काढायचं. "जार लेप दिलास तं लाकूर गुदमरतं."

आणि दिवसभर भांडण. कुणी कोपऱ्यात कुंडी ठेवली की, "उचला. खाली ओल धरते." कुणी ओल्या चटया वाळत टाकल्या की, "गॅलरीन वालवा आपल्या." देवाची फुलं कागदात बांधून फटीतून पाण्यात सोडणारे एक आजोबा होते, त्यांना तर त्यांनी असं झापलं की आजोबांनी पूजाच आठवड्यावर आणली. "मावशी, जरा शांत," म्हणणाऱ्याला ठरलेलं उत्तर होतं: "मी तुमची मावशी नाय. तुमच्या आयशीला मी कदी बगितली पन नाय."

बारा वर्षं हे असं चाललं, आणि बारा वर्षं धक्का टणटणीत राहिला. मग जयमाला मॅडमचं जोडवं पडलं.

जयमाला मॅडम रविवारी डेकवर योगाचा वर्ग घेतात. आवाज एकदम गुळाचा पाक. "श्वाऽऽस आत... पोट आत... टेन्शन बाहेऽऽर..." असं म्हणता म्हणता त्यांनी पाय ताणला, आणि टेन्शनच्या आधी जोडवंच बाहेर आलं आणि फटीतून बुडुक. चांदीचं होतं. सासूबाईंनी दिलेलं होतं. सासूबाई त्याच आठवड्यात राहायला येणार होत्या. मॅनेजिंग कमिटीची तातडीची सभा झाली आणि ठराव झाला: डेकवरील सर्व फटी कायमस्वरूपी बुजवण्यात याव्यात. एकमताने.

रंगूबाई तेव्हा भाचीच्या लग्नाला गावी होत्या. चार दिवसांत कंत्राटदाराची माणसं आली, फटीफटीत लांबी, म्हणजे पुट्टी, भरून गेली आणि वरून वॉर्निशचे तीन हात. पाचव्या दिवशी रंगूबाई परतल्या तेव्हा धक्का गुलाबजामसारखा चकाकत होता. त्यांनी चपला काढून पाय ठेवला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"ह्या कोनी केला?"

नंदकुमार साहेबांना प्रत्येक वाक्याच्या टोकाला 'राईट?' ठोकायची सवय आहे. "रंगूबाई, आता काही पडायला जागाच नाही, राईट? टोटल वॉटरप्रूफ आहे, राईट? दहा वर्षं बघायला नको, राईट?"

"वरनं पानी जायाचा नाय?"

"थेंबसुद्धा नाही!"

"आन खालनं येल त्याचा काय? भरती खालनं येते. ती वाफ कंच्या वाटेनं जाल?"

"रंगूबाई, टेन्शन घेऊ नका. प्रोफेशनल लोक होते."

"पोपट व्हते, पोपट! तुमच्या नाकान बूच मारते दोनी बाजूनं, मंग बोला मना सर्दी नाय व्हनार. राईट?"

हा 'राईट' इतका हुबेहूब होता की बाजूला उभ्या असलेल्या जयमाला मॅडमना खोकला आला. साहेबांचा चेहरा वॉर्निशच्या रंगाचा झाला. त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकलं, आजपासून डेकला हात लावायचा नाही. खराटासुद्धा नाही. तुमचं काम जिने, लॉबी, पार्किंग.

रंगूबाईंनी जिने झाडले. इतक्या जोरात की तिसऱ्या मजल्यावरच्यांना वाटलं वर कुणी फर्निचर हलवतंय. आपला अपमान त्या संध्याकाळपर्यंत विसरल्या. विसरता येईना ती बेचाळीस फळ्यांची घुसमट. वडिलांनी एकदा एका गिऱ्हाइकाची होडी परत पाठवली होती, कारण त्याने घाईने ओल्या लाकडावर रंग चढवला होता. ती होडी वरून नवीकोरी दिसत होती आणि आतून हाताने कुस्करत होती. इथे तर वीस माणसं श्वास आत घेऊन उभी राहणार होती.

पहिल्या पावसाळ्यात वॉर्निशला फोड आले. रंगूबाई कमिटीच्या एकेका सभासदाला जिन्यात गाठून सांगू लागल्या. कुणी "हो हो" म्हटलं, कुणी "मेल करा" म्हटलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्यांनी बंदी मोडली. पहाटे चपला काढून गुपचूप एक फेरी मारली, आणि उत्तरेच्या कोपऱ्यात पाय किंचित खाली गेला. केसभर. पण गेला. त्यांनी काथ्याची दोरी आणली आणि तो कोपरा कठड्यापासून कठड्यापर्यंत बांधून बंद केला. दुपारी नंदकुमार साहेबांनी ती सोडवली आणि नोटीस लावली: 'डेकवर दोरी बांधून कपडे वाळत घालू नयेत.'

ती नोटीस रंगूबाईंनी सोसायटीतल्या शाळकरी क्षिप्राकडून दोनदा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "या मानसाला पान्यानच समजनार हाय."

ऑक्टोबरातल्या त्या रविवारी योगाच्या वर्गाचा व्हिडिओ काढायचा होता. साडेसातला वीसेक बायका एकाच रंगाचे टीशर्ट घालून आल्या, आणि डेकच्या तोंडाशी खराटा आडवा धरून रंगूबाई.

"कोनी जायाचा नाय."

"अहो रंगूबाई, फक्त दहा मिनिटं," जयमाला मॅडमचा पाक.

"दोन मिंटा पन नाय. लाकूर मेलाय आतनं."

"साहेब, तुम्हीच बघा ना जरा."

साहेबांनी बघितलं. फोन उंच धरून, स्वतःचाच व्हिडिओ चालू करून, ते खराट्याला वळसा घालून थेट उत्तरेच्या कोपऱ्यापर्यंत गेले. "मंडळी, हा आपला डेक. फर्स्ट क्लास, राईट?" त्यांनी पाय आपटला. "रॉक सॉलिड, राईट?"

दुसऱ्यांदा आपटलेल्या पायाचा आवाज रंगूबाईंनी ओळखला. त्या ओरडल्या. "धक्का! ओ सेक्रेटरी! धक्का सोरा! धक्का!"

म्हणजे, धक्का सोडा, मागे या. साहेबांनी मजबुती दाखवायला नेमकी तेव्हाच उडी मारली.

फळी मोडल्याचा आवाजही धड आला नाही. ओला पाव तुटावा तसं झालं. ओहोटी होती, म्हणून पाणी गुडघाभर आणि त्याखाली चिखल कमरेभर. साहेब त्यात उभेच्या उभे गेले आणि उभेच राहिले. हात वर, हातात फोन, फोन कोरडा. त्या व्हिडिओत शेवटी नुसतं आभाळ आहे आणि खालून एक बारीक "रा..." ऐकू येतं. योगाच्या चटईला धरून त्यांना ओढून काढलं. त्या धांदलीत कुणी काय पाहिलं ते नंतर दोघींचंही जुळेना.

मागच्या गेटवरचा वॉचमन कुलदीप साताऱ्याकडचा, सरळ माणूस. भिंतीमुळे त्याला दिसलं काही नाही, ऐकू मात्र सगळं आलं. त्याने इमानदारीत रजिस्टरमध्ये नोंद केली: 'स. ७.४० वा. रंगूबाई यांनी धक्का धक्का असे ओरडून सेक्रेटरी साहेब पाण्यात.' वाक्याला क्रियापद नव्हतं. ते लिफ्टमध्ये बसवलं गेलं.

संध्याकाळी क्लबहाउसमध्ये सभा. दोन विषय: रंगूबाईंना कामावरून कमी करणे, आणि डेक तोडून सिमेंटचा स्लॅब टाकणे. रंगूबाई मागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. पहिला विषय त्यांच्या कानाला लागून गेला. दुसऱ्याला त्या भिंतीपासून सुटल्या.

"रंगूबाई, आधी एवढंच सांगा," आंघोळ करूनही कानामागे चिखल राहिलेले नंदकुमार साहेब म्हणाले, "तुम्ही धक्का म्हणालात की नाही?"

"बोल्ली. तीनदा बोल्ली."

"ऐका मंडळी! म्हणजे कबूल आहे."

"कबूल काय त्यान? तुमी सोरला नाय म्हनून गेलात."

"काय सोडलं नाही?"

"धक्का!"

"तुम्ही दिलात तो?"

"मी कशाला देऊ? तो तिथंच हाय चौदा वर्सं!"

कुलदीप दारातून हळूच म्हणाला, "साहेब, मी तर फकस्त ऐकलं तेच लिवलं बगा."

रंगूबाईंनी कपाळावर हात मारून घेतला. कुठे गोम आहे ते त्यांच्या आता ध्यानात आलं, आणि त्याने तर आग आणखीच भडकली. "आवं शिकलेली मानसं ना तुमी? तुमचा त्यो डेक, त्यो धक्का! उरनला मोऱ्याशी लाँच पकडता, मुंबईला कुठं उतरता? भाऊच्या धक्क्यावर उतरता ना? मंग? भाऊनी कोनाला ढकलला व्हता काय?"

मग मागच्या रांगेतून एक हसणं फुटलं आणि पुढच्या रांगेपर्यंत येऊन साहेबांपाशी थांबलं.

"हसू नका!" रंगूबाई कडाडल्या. त्या हसल्याच नव्हत्या. "मना काढा नायतं ठेवा, मी इचारत नाय. धक्का कशाला तोरता? त्यानं काय केला? नाक तुमी बुजवला त्याचा. मेला तं त्याच्या उरावर सिमीट घालता?"

सगळ्यांना आश्चर्य वाटलं ते जयमाला मॅडम उठल्याचं. आवाजात पाक नव्हता. "त्या बरोबर बोलतायत. माझ्या एका जोडव्यापायी हे झालंय. आणि ते जोडवं तसंही मला बोटाला ढिलंच होतं." त्या बसल्या, परत उठल्या. "सासूबाईंना सांगू नका."

पहिला विषय तिथेच मागे घेतला. दुसऱ्यावर मात्र नंदकुमार साहेब अडले. कमरेभर चिखलात गेलेल्या माणसाला अडायचा थोडा हक्क होताच. शेवटी ठरलं ते असं: उद्या फळ्या तपासायच्या. मोडलेली धरून बारा किंवा जास्त सडलेल्या निघाल्या तर सिमेंट. बाराच्या आत निघाल्या तर तेवढ्या बदलायच्या, लांबी काढायची, आणि पुढे डेक रंगूबाईंच्या ताब्यात, कागदावर लिहून.

सोमवारी सकाळी धनाजी यार्डातून सुट्टी काढून पटाशी, हातोडी आणि बहिणीसाठी खडू घेऊन आला. निम्मी सोसायटी काठावर. रंगूबाई अनवाणी पहिल्या फळीपासून निघाल्या, वाकून हातोडीच्या लाकडी दांड्याने ठोकत. चांगली फळी "टण" बोलायची. सडलेली "भद" बोलायची, पोटात गुबारा धरल्यासारखी. भद आलं की खडूची फुली. उत्तरेकडे फुल्यांची रांगच लागली. सात. नऊ. मोडलेली धरून अकरा. काठावर नंदकुमार साहेब बोटांवर मोजत होते, आणि त्यांचा ओठ नकळत 'रा' करून तयार होता.

एकोणतिसाव्या फळीवर दांडा पडला आणि ती "भद" बोलली. स्वच्छ भद. रंगूबाई पुढे गेल्या. फुली न मारता.

आता, या सोसायटीत आवाजाच्या बाबतीत माझ्या कानाशी कुणाची बरोबरी नाही. लिफ्टच्या दाराआडून खाकरलेला माणूस कोणत्या फ्लॅटचा ते मी सांगते. त्यामुळे मला राहवलं नाही. मी म्हणाले, "रंगूबाई, ही पण सडलीय. आधीच्या सडक्यांसारखीच बोलली."

"बारा!" साहेब म्हणाले. "राईट?"

रंगूबाईंनी माझ्याकडे असं बघितलं की मी दोन पावलं मागे सरले. "पैज लाव," त्या म्हणाल्या. "ही सरली असंल तं आजपासून मरेस्तवर डेक बोलेन. तुमचा डेक. आन चांगली निंगाली तं धक्क्याची समदी लांबी तू काढशील. समदी."

अख्ख्या सोसायटीसमोर मी हो म्हटलं. माझा कान होता ना.

धनाजीने पितळी स्क्रू एकेक करून काढले. फळीखाली पटाशी घातली, उचलली आणि उलटी केली. खालची बाजू कोरडी, मधाच्या रंगाची, नखाने ओरखडा उठेना. फळी जिथे बसली होती तिथे दोन तुळया अंगाला अंग लावून जोडलेल्या.

"हितं मी तुलईला तुलई जोरलीय," धनाजी म्हणाला. "म्हनून आवाज बसतो. ताईला ठावं हाय."

काठावरून नंदकुमार साहेबांचा "राईट" आला. पहिल्यांदाच त्याच्यामागे प्रश्नचिन्ह नव्हतं.

पुढच्या तेराही फळ्या "टण" बोलल्या. अकरा गेल्या, नव्या आल्या. पैज मी हरले. आज सतरावी फट चालू आहे, तळहाताला दोन फोड आहेत, आणि मागे रंगूबाई उभ्या आहेत. खूश वगैरे काही नाहीत.

"आरवा नको! सरल! फलीसंगती जा! हात हाय का उलथना? थांब, खोल घे... खोल! लाकराचा नाक हाय तो, गटार नाय!"